‘ठाऊक नाही’ या उत्तराची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानावरून लिहून काढलेला मजकूर.)



संयोजकांनी मला शेतमालाच्या भावांवर बोलण्यास सांगितले होते आणि त्याची टिपणेही मी बरोबर आणली आहेत. परंतु काल रात्री जेवणे आटोपल्यावर येथे जो वाद झाला, तो ऐकल्यानंतर विषय बदलण्याची परवानगी मी संयोजकांकडून मागून घेतली. वादाचे कारण आपणांस माहीत आहेच. आपल्यातील एका तरुण साथीने गेल्या वर्षी आईचे दहावे केले. त्यावर त्याच्या तालुक्यातील सहकाऱ्यांनी त्याला जाब विचारला, ‘तू देव मानतोस काय?’ तो म्हणाला, ‘ठाऊक नाही.’ हे उत्तर सहकाऱ्यांना दहाव्यापेक्षाही अधिक झोंबले. देव आहे म्हणणारा निदान चुकतो तरी. ‘ठाऊक नाही’ म्हणणारा तळ्यात-मळ्यात खेळतो, असे काल एकाने म्हटले. आणि तेथून गाडी या सूचनेवर येऊन ठेपली की, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आपण निरीश्वरवादी असल्याचे लेखी द्यावे. ही सूचना आज दुपारच्या सत्रात ठरावाच्या रूपाने आपल्यापुढे येणार आहे.

मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. परंतु पुरेशी माहिती नसताना माणसे निर्णय कसे घेतात आणि कसे घ्यावेत, हा माझ्या विषयाचा गाभाच असल्याने ‘ठाऊक नाही’ या उत्तराशी माझी जुनी ओळख आहे. ते उत्तर अर्थपूर्ण आहे की ती पळवाट आहे, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे.

ज्याला आपण अज्ञेयवाद म्हणतो त्याचे इंग्रजी नाव टॉमस हेन्री हक्सले याने १८६९ साली तयार केले. लंडनमध्ये त्या वर्षी तत्त्वचर्चेसाठी एक मंडळ स्थापन झाले होते. त्यात कॅथलिक धर्मगुरूंपासून जडवाद्यांपर्यंत सर्व मतांची मंडळी होती आणि प्रत्येकापाशी आपापल्या वादाचे नाव तयार होते. हक्सलेपाशी तसे नाव नव्हते. त्याने पुढे १८८९ साली लिहिले आहे की, इसापाच्या गोष्टीतल्या शेपूट गमावलेल्या कोल्ह्यासारखी आपली अवस्था झाली, म्हणून आपणही एक शेपूट लावून घेतले. नाव थट्टेतून आले असले तरी भूमिका थट्टेतून आलेली नव्हती. १८६० साली त्याचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा लोहितज्वराने दोन दिवसांच्या आजारात दगावला. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने त्याचे सांत्वन करताना अमरत्वाच्या आशेकडे बोट दाखविले. हक्सलेने त्याला दीर्घ उत्तर लिहिले. अमरत्व आहे असे मी म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही. मानण्यास मला कारण दिसत नाही आणि खोडून काढण्यास माझ्यापाशी साधन नाही, असा त्याचा आशय होता. मुलाच्या मृत्यूनंतर, जेव्हा ‘तो कोठेतरी आहे’ असे मानणे हीच सर्वांत मोठी गरज असते, तेव्हा ज्याने असे लिहिले त्याला डरपोक म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

येथे आपल्या मराठी शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण अर्धा गोंधळ त्यानेच केला आहे. ‘अज्ञेय’ म्हणजे जे जाणताच येणार नाही ते. ही भूमिका हक्सलेची नव्हे, हर्बर्ट स्पेन्सरची. स्पेन्सरने १८६२ सालच्या ग्रंथात ‘अज्ञेया’ला एक स्वतंत्र विभागच देऊन टाकला. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर आणि मिल मनापासून वाचले, आणि स्पेन्सरचा हा शब्द मराठीत रुजला. परंतु ‘हे कोणालाही, कधीही कळणार नाही’ असे ठामपणे म्हणणे हा एक मोठाच दावा झाला. तो करणाऱ्याला आपण विचारू शकतो की, बाबा रे, जे जाणता येत नाही ते जाणता येत नाही हे तरी तू कसे जाणलेस? हक्सलेचे म्हणणे त्याहून साधे होते. पुरावा जेथपर्यंत नेईल तेथपर्यंत जावे आणि जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले असे सांगू नये. हा सिद्धान्त नव्हे, ही शिस्त आहे. तिला ‘अज्ञातवाद’ म्हटले असते तर बरे झाले असते. पण भाषेत एकदा रुळलेले नाणे परत टांकसाळीत पाठविता येत नाही, म्हणून रूढ शब्दच वापरतो.

आता आक्षेपाकडे येऊ. काल ज्यांनी एंगल्सचा दाखला दिला त्यांनी तो योग्य दिला. १८९२ साली ‘समाजवाद : काल्पनिक आणि शास्त्रीय’ या पुस्तिकेच्या इंग्रजी आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत एंगल्सने अज्ञेयवादाला लाजरा जडवाद म्हटले आहे. अज्ञेयवादी निसर्गाचा विचार करताना पूर्णपणे जडवादी असतो, प्रयोगशाळेत देवाला जागा ठेवीत नाही, आणि फक्त विश्वापलीकडच्या कोणा परमतत्त्वाविषयी विचारले की हात जोडून ‘सांगता येत नाही’ म्हणतो. मग उघडपणे जडवादी म्हणवून घेण्यास लाजतो कशाला, असा त्याचा टोमणा आहे. टोमणा मार्मिक आहे. इंग्लंडमधील प्रतिष्ठित मध्यमवर्ग चर्चशी वैर न घेता विज्ञानाचे फायदे घेऊ पाहत होता, ही त्यामागची वस्तुस्थिती होती.

परंतु या टोमण्याने अज्ञेयवाद अर्थशून्य ठरत नाही. त्याचे एक टोक बोथट ठरते एवढेच. कोणत्या देवाविषयी आपण ‘ठाऊक नाही’ म्हणतो आहोत, हे विचारल्याशिवाय या उत्तराची पारख होत नाही. आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी तिघेही देव हा एकच शब्द वापरतात आणि तो प्रत्येक वाक्यात वेगळ्या वस्तूला लावतात.

पहिला देव नवसाला पावणारा. तो पाऊस पाडतो, परीक्षेत पास करतो, रोग बरा करतो, रागावला तर गुरे मारतो. हा देव जगात ढवळाढवळ करतो, म्हणून त्याचा माग जगातच लागला पाहिजे. या देवाविषयी पुरावा शक्य आहे, आणि तो गोळा करण्याचे प्रयत्न झालेही आहेत. फ्रान्सिस गाल्टनने १८७२ साली एक साधा हिशोब मांडला. इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये राजाच्या दीर्घायुष्यासाठी नित्य प्रार्थना होते. तेव्हा राजघराण्यातील माणसे इतर सुखवस्तू वर्गांहून अधिक जगली पाहिजेत. आकडे पाहिले तर त्यांची सरासरी सुमारे ६४ वर्षे, म्हणजे त्या सर्व वर्गांत सर्वांत कमी निघाली. गाल्टनच्या पद्धतीत त्रुटी होत्या. राजांची जीवनपद्धती वेगळी असते हे त्यातले सरळच. पण २००६ साली अमेरिकेत जो प्रयोग प्रसिद्ध झाला त्यात त्या टाळलेल्या होत्या. सहा रुग्णालयांतील हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटासाठी परक्या माणसांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि दोन्ही गटांना आपण कोणत्या गटात आहोत हे सांगितले नाही. पहिल्यात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्क्यांना. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असे निश्चित सांगितले होते. त्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. बिचारे घाबरले असावेत, असा तर्क नंतर केला गेला.

तेव्हा नवसाच्या देवाविषयी जो सुशिक्षित माणूस ‘ठाऊक नाही’ म्हणतो, तो हक्सलेची शिस्त पाळीत नाही, मोडतो. पुरावा त्याला पुढे नेत असताना तो मागे थांबतो. एंगल्सचा टोमणा येथे पुरेपूर लागू आहे, आणि कालच्या चर्चेत आमच्या तरुण साथीवर रागावलेल्यांचा राग या ठिकाणी मी रास्त समजतो. अंगात येणाऱ्या बाईपुढे किंवा भानामती उतरविणाऱ्या मांत्रिकापुढे उभे राहून ‘कोण जाणे, असेलही’ म्हणणारा कार्यकर्ता आमच्या कामाचा नाही.

दुसरा देव तत्त्वज्ञांचा. त्याने विश्वाला आरंभी चालना दिली, नियम घालून दिले आणि नंतर हात काढून घेतला. किंवा तो विश्वाच्या मुळाशी असलेली एखादी बुद्धी आहे. त्याचा कोणताही परिणाम आपल्या अनुभवात वेगळा दाखविता येत नाही. या देवाविषयी निर्णायक पुरावा कोणता असू शकेल, हे मला आस्तिकाने सांगितलेले नाही आणि नास्तिकानेही नाही. येथे ‘ठाऊक नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे. आपल्या देशात हा प्रश्न किती बारकाईने छाटला गेला याची आपणांस कित्येकदा आठवण नसते. सांख्यांनी म्हटले की ईश्वर सिद्ध होत नाही. वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांपैकी कुमारिल भट्टाने जगत्कर्त्याची कल्पना तर्काने खोडली, तर नैयायिक उदयनाने त्या कर्त्याच्या सिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहिला. आज ज्या धर्माच्या नावाने इतर सर्वांच्या निष्ठेची झडती घेतली जाते, त्याच परंपरेत हा वाद शेकडो वर्षे पोथ्यांतून चालला होता.

आणि तिसरा देव असा की त्याची व्याख्याच सटकते. तो सगुणही, निर्गुणही. सर्वांत आहे आणि कशातही नाही. शब्दांत येत नाही पण त्याच्यावर दोन तास प्रवचन होते. त्याविषयी ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोहोंप्रमाणे ‘ठाऊक नाही’ हेही उत्तर चूक आहे, कारण प्रश्नच अजून पूर्ण झालेला नाही. येथे ‘काय म्हणायचे आहे ते आधी सांगा’ एवढेच म्हणता येते. यात मी भक्तीची थट्टा करीत नाही. वारकऱ्याला विठोबाविषयी जे वाटते ते विधान नसते, ते नाते असते. आणि नात्याला खरे-खोटे ही मापे लावू नयेत.

रसेलने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एका लेखात स्वतःविषयी सांगितले होते की, तत्त्वज्ञांच्या सभेत आपण अज्ञेयवादी म्हणवून घेऊ आणि रस्त्यावरच्या सामान्य माणसाशी बोलताना नास्तिक. याला दुटप्पीपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात वर सांगितलेला भेदच दिसतो. होमरच्या देवांचे अस्तित्वही आपण तर्काने खोडू शकत नाही. म्हणून झ्यूसविषयी कोणी ‘निम्मी-निम्मी शक्यता’ म्हणून बसत नाही.

या ‘निम्म्या-निम्म्या’वर मला थोडे थांबायचे आहे, कारण ते माझ्या प्रांतात येते. ‘ठाऊक नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही बाजूंना सारखे वजन’ असा पुष्कळ लोक करतात. हा मोठा घोटाळा आहे. १९२१ साली दोन पुस्तके निघाली, एक केन्सचे संभाव्यतेवर आणि दुसरे फ्रँक नाइटचे जोखीम, अनिश्चितता व नफा यांवर. नाइटने सांगितले की जोखीम मोजता येते, अनिश्चितता मोजता येत नाही. विमा कंपनी हजार घरांतील किती घरे जळतील याचा अंदाज बांधते, ती जोखीम. उद्या कोणता शोध लागेल आणि कोणता धंदा बुडेल, याला आकडा नाही. केन्सने तर अज्ञानातून समान शक्यता काढण्याच्या पद्धतीवरच हल्ला चढविला, आणि पुढे १९३७ सालच्या लेखात सांगितले की वीस वर्षांनंतरच्या तांब्याच्या किंमतीसारख्या गोष्टींविषयी कोणतीही संभाव्यता मांडण्यास शास्त्रीय आधारच नसतो. आपल्याला ठाऊक नसते, एवढेच. पण त्याच लेखात त्याने दुसरी गोष्टही सांगितली की, ठाऊक नसले तरी माणसाला कृती करावीच लागते. पेरणी थांबत नाही. यंदा पाऊस कसा पडेल हे ठाऊक नसलेला शेतकरी ‘मी पर्जन्याविषयी अज्ञेयवादी आहे’ म्हणून बांधावर बसून राहत नाही.

म्हणून ज्ञानाच्या बाबतीत थांबता येते, वागण्याच्या बाबतीत थांबता येत नाही. अज्ञेयवाद्याची खरी परीक्षा येथे आहे. ज्याचे अस्तित्व ठाऊक नाही त्याच्या नावाने त्याने दुसऱ्याला काही करावयास लावता कामा नये. देवाची इच्छा म्हणून विहिरीवर एखाद्या जातीला मज्जाव करणे, देवाचा कोप म्हणून औषध नाकारणे, देवाचा हुकूम म्हणून मुलीला सोडून देणे, यांतल्या प्रत्येक ठिकाणी ‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याने पुढचे वाक्यही म्हटले पाहिजे, ‘आणि तुम्हांलाही ठाऊक नाही, तेव्हा हात आवरा.’ हे दुसरे वाक्य जो गिळतो तो अज्ञेयवादी नव्हे. तो फक्त सावध आहे.

कोणी पास्कलची पैज पुढे करील. देव असला तर मानणाऱ्याला अनंत लाभ, नसला तर नुकसान नगण्य. मग मानलेलेच बरे. पास्कल हा संभाव्यतेच्या गणिताचा एक जनक, तेव्हा हिशोब वरकरणी चोख आहे. परंतु त्यात पैज कोणत्या देवावर लावायची हे गृहीत धरलेले आहे. एकाहून अधिक देव अनंत लाभाचे आश्वासन देऊ लागले की कोष्टक कोसळते. शिवाय अनंताने गुणले की कितीही क्षीण शक्यता अनंतच होते, म्हणजे हा हिशोब कोणत्याही भोंदूला तितकाच उपयोगी पडतो. आपल्या खेड्यांत हीच पैज इतक्या मोठ्या नावाशिवाय रोज लावली जाते. ‘करून बघायला काय जातं?’ असे बुवाचा माणूस म्हणतो. काय जाते ते सावकाराच्या वहीत पाहावे. आधी कोंबडे जाते, मग बोकड जाते, मग बाईच्या गळ्यातले जाते, आणि दरम्यान दवाखान्यात जाण्याचा वेळ जातो. पास्कलच्या कोष्टकात हा खर्चाचा रकाना नगण्य धरलेला आहे, कारण तो खर्च कोणाच्या घरातून निघतो हे कोष्टक विचारीत नाही.

बौद्ध वाङ्मयात या उत्तराच्या दोन जाती शेजारीशेजारी ठेवलेल्या सापडतात. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात संजय बेलट्ठिपुत्त या आचार्याला परलोक आहे काय असे विचारले, तर तो आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही, दोन्ही म्हणत नाही आणि दोन्ही नाही असेही म्हणत नाही. अजातशत्रू राजाला तो सर्वांत मूढ वाटला. पाली ग्रंथांनी या जातीच्या उत्तरांना हातातून निसटणाऱ्या माशाची उपमा दिली आहे. उलट मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त बुद्धाला विश्व शाश्वत आहे की अशाश्वत, असे प्रश्न विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास संघ सोडण्याची धमकी देतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. बाण मारणाऱ्याची जात, उंची, गाव कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा माणूस ते कळण्याआधीच मरेल. बुद्धानेही उत्तर दिले नाही आणि संजयानेही दिले नाही. पण संजय कशाचेच उत्तर देत नाही. बुद्ध दुःख कशाने होते आणि कशाने जाते याचे उत्तर स्वच्छ देतो, आणि जे त्या कामाला लागत नाही ते बाजूला ठेवतो. बाण काढण्याचे काम ज्याने हाती घेतले आहे त्याच्या तोंडी ‘ठाऊक नाही’ शोभते.

आता दुपारच्या ठरावाविषयी. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी येथेच सांगून ठेवतो. ज्या एंगल्सने अज्ञेयवाद्यांना टोमणा मारला, त्यानेच १८७४ साली, पॅरिस कम्यूनमधून निसटलेल्या ब्लांकीवाद्यांनी फर्मान काढून देव रद्द करण्याची भाषा केली तेव्हा त्यांची यथेच्छ टर उडविली होती. फर्मानाने श्रद्धा जात नाही, उलट पक्की होते, हे त्याने जाणले होते. लेनिन स्वतः कट्टर निरीश्वरवादी. पण १९०५ च्या लेखात त्याने पक्षाच्या कार्यक्रमात निरीश्वरवाद का घालीत नाही याची कारणे दिली आणि १९०९ मध्ये संपाचे उदाहरण घेऊन बजावले की, संपावर असलेल्या कामगारांत देवाच्या प्रश्नावरून फूट पाडणारा मालकाचेच काम करतो. हे आमचे गुरू नव्हेत, हे खरे; आमच्या घरचे उदाहरण हवे असेल तर १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी केलेले उपोषण आठवावे. त्या लढ्यात विठ्ठलाला मानणारे होते आणि न मानणारेही होते. कोणाकडूनही प्रतिज्ञापत्र घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांचा वाद-संवाद आपल्यापैकी ज्येष्ठांनी ऐकला असेल. लागू म्हणत, परमेश्वराची कल्पना आता निवृत्त करा. दाभोलकर म्हणत, समितीचा देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. एकाच व्यासपीठावर बसून गावोगाव हे दोघे आपला मतभेद लोकांपुढे मांडीत आणि काम एकत्र करीत. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. संघटनेची ती तटस्थता म्हणजे अज्ञेयवाद नव्हे. अज्ञेयवाद ही एका माणसाची, स्वतःच्या ज्ञानाच्या मर्यादेविषयीची कबुली असते. संघटनेला ज्ञान नसते, तिला नियम असतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा वाचून पाहा. त्यात देव आहे की नाही याचा शब्द नाही. कोणती कृत्ये गुन्हा आहेत याची अनुसूची आहे. आपल्या पदाधिकाऱ्यांसाठी काही लिहून घ्यायचेच असेल तर त्या धर्तीवर घ्यावे. जात पाळणार नाही, हुंडा घेणार-देणार नाही, बुवाच्या व्यासपीठावर बसणार नाही, असे लिहून घ्या. मी सही करीन आणि ती मोडली तर मला काढून टाका.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ७० हजार माणसांची नोंद ‘धर्म सांगितलेला नाही’ या रकान्यात झाली होती. त्यांत नास्तिक किती, अज्ञेयवादी किती आणि प्रगणकाच्या आळसाचे बळी किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मी त्या रकान्यात आहे. घरचे मंडळी वेगळ्या रकान्यात आहेत आणि स्वयंपाक एकच आहे.

ज्या साथीवरून हे सारे निघाले त्याच्याशी मी आज पहाटे फिरताना बोललो. तुमच्यापुढे सांगण्याची परवानगी त्याने मला दिली आहे. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. नातेवाईक त्याच्याकडे पाहू लागले. आईची इच्छा काय राहिली असेल ते बोल, म्हणाले. चुलत्याने आदल्या रात्रीच दोन्ही बहिणींच्या हक्कसोडपत्राचे कागद तयार करून आणले होते आणि सह्या दहाव्यानंतर व्हायच्या होत्या. त्याने सर्वांसमक्ष सांगितले की, बहिणींकडून हक्कसोड घेणार नाही, सातबाऱ्यावर तिघांची नावे लागतील. ती लागली आहेत. उतारा त्याने मला दाखविला. कावळा शिवला की नाही, हे मी त्याला विचारले नाही.